अपंगांचे समाजशिक्षण : समाजाबाहेर कसे होणार?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींच्या विशेष शाळांतून दरवर्षी काही विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांचे शिक्षण पुरे झाले असे कोणी म्हणत नाही. वयाची अठरा वर्षे पुरी झाली, एवढेच शाळा सोडण्याचे कारण असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. एकोणिसाव्या वर्षी त्या मुलाने काय करावे, याचे उत्तर मात्र बहुतेक गावांना ठाऊक नाही. थोड्या जणांना संरक्षित कार्यशाळेत जागा मिळते आणि ते पणत्या, राख्या, कागदी पिशव्या करू लागतात. उरलेले घरी बसतात. आल्यागेल्याला नमस्कार करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सुटे पैसे मोजून घेणे हे सारे शाळेने दहाबारा वर्षे चिकाटीने शिकविलेले असते. घरी बसल्यावर दोनतीन वर्षांत त्यावर गंज चढतो. नमस्कार करावा असे कोणी घरी येत नाही, थांबावे अशी रांग नसते आणि मोजावेत असे पैसे हातात पडत नाहीत.

अशा घरांत एक प्रश्न सतत वावरत असतो. आईबापांचे केस पिकू लागले की तो अधिक टोचू लागतो : 'आमच्यामागे याचे काय?' हा प्रश्न सामान्यतः पैशाचा आणि पालकत्वाचा म्हणून ऐकला जातो. त्या अंगाने त्याची काही उत्तरेही निघाली आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. बँकेत ठेव ठेवता येते, घर नावावर करता येते. तथापि ज्या माणसाला गल्लीतले चौघे नावानिशी ओळखत नाहीत, ज्याला वाण्याच्या दुकानी एकट्याने जाता येत नाही, ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या नावावरची ठेव त्याच्यापेक्षा इतरांच्याच उपयोगी पडण्याचा धोका असतो. आईबापांच्या पश्चात माणसाला माणसेच लागतात. ती माणसे जोडण्याची विद्या कोठे व कशी मिळते, हा या लेखाचा विषय आहे.

आकड्यांतली आणि आकड्यांबाहेरची माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के होती. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे साडेएकोणतीस लाख भरली. देशातील अपंगांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होते आणि सुमारे ४५ टक्के निरक्षर होते. अपंग पुरुषांपैकी ४७ टक्के कोणते ना कोणते काम करीत होते; स्त्रियांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने धोरणांसाठी आजवर याच आकड्यांचा आधार घेतला गेला.

या आकड्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. भारतातील प्रमाण त्याच्या सातव्या हिश्शाइतके कमी असावे, असे मानण्यास वैद्यकीय आधार नाही. फरकाचा मोठा भाग व्याख्या आणि मोजणीच्या पद्धती यांतून आला आहे. परंतु त्याचा एक भाग उंबरठ्याच्या आतही शोधावा लागेल. घरात मनोरुग्ण भाऊ आहे किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी आहे हे प्रगणकाला सांगितले, तर धाकटीचे लग्न अडेल, अशी भीती ज्या समाजात वाटते, त्या समाजाचे आकडे अपुरेच असणार. माणूस आधी समारंभातून वगळला जातो, मग बैठकीच्या खोलीतून, आणि अखेर गणतीतूनही.

शब्द मात्र बदलत गेले. 'पंगू'चे 'अपंग' झाले, 'अपंगा'चे 'विकलांग' आणि आता सरकारी कागदोपत्री 'दिव्यांग'. शब्दाने मान राखला जात असेल, तर त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु कचेरीच्या दारावरची पाटी बदलली आणि दारापुढच्या पायऱ्या तशाच राहिल्या, तर त्या मानाचा उपयोग पाटी वाचण्यापुरताच राहतो.

मिळकत आणि मिळकतीचा उपयोग

अपंगत्व आणि दारिद्र्य यांच्या नात्याचा विचार अर्थशास्त्राने बराच काळ मिळकतीच्या भाषेत केला. अपंग माणूस कमी मिळवितो, म्हणून त्याला साहाय्य द्यावे, असा तो सरळ हिशेब होता. अमर्त्य सेन यांनी या हिशेबातील उणीव दाखवून दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मिळकत कमी असणे ही एक अडचण आहे, आणि असलेल्या मिळकतीचे चांगल्या जगण्यात रूपांतर करता न येणे ही दुसरी. 'द आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ च्या ग्रंथात त्यांनी वीब्के कुक्लिस या संशोधिकेने ब्रिटनसंबंधी काढलेले आकडे दिले आहेत. तेथे १७.९ टक्के व्यक्ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत राहत होत्या. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांपुरते पाहिले, तर हे प्रमाण २३.१ टक्के होते. अपंगत्वामुळे तेवढ्याच जगण्यासाठी जो जादा खर्च करावा लागतो तो हिशेबात धरताच ते ४७.४ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांचा अर्थ आपल्याकडील एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एस. टी. महामंडळाच्या गाडीत अपंग प्रवाशाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. सवलत चांगली आहे. परंतु गाडीची पहिली पायरी गुडघ्यापेक्षा उंच असेल, फलाटावर गाडी लागल्याचे बहिऱ्या माणसाला कळत नसेल आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाने कधी एकट्याने तिकीट काढलेच नसेल, तर त्या सवलतीची किंमत शून्य होते. पायरी खाली आणणे हे अभियंत्याचे काम आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले आहे. तिकीट काढण्याची सवय लावणे हे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने होणारे काम नव्हे. ते त्या तरुणाचे, त्याच्या घरच्यांचे आणि वाहकाचे मिळून काम आहे.

दोन बाजूंचे कौशल्य

'सामाजिक कौशल्ये' हा शब्दप्रयोग अलीकडे विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांतून रूढ झाला आहे. अभिवादन करणे, आपली पाळी ओळखणे, दुसऱ्यापासून योग्य अंतर राखणे, मदत मागणे, नको असलेली मदत नाकारणे, कोणी अंगचटीला येत असेल तर ओरडून सांगणे, चारचौघांत आपले मत मांडणे, अशी त्यांची यादी केली जाते. यादी उपयुक्त आहे. परंतु ती वाचताना असा समज होतो की ही कौशल्ये अपंग माणसाच्या अंगी नाहीत आणि बाकीच्या समाजाच्या अंगी ती जन्मजात आहेत. वस्तुस्थिती तशी नाही.

बँकेच्या खिडकीशी मुलगा उभा असतो आणि कारकून मागे उभ्या असलेल्या आईला विचारतो, 'याचे नाव काय?' येथे सामाजिक कौशल्याची उणीव कोणाच्या ठायी आहे? तोतऱ्या माणसाचे वाक्य पुरे होण्याआधीच ते पुरे करून टाकणारा शिक्षक, अंध विद्यार्थ्याला न विचारता दंडाला धरून रस्ता पार करविणारा सज्जन, बहिऱ्याशी बोलताना तोंड फिरवून ओरडणारा अधिकारी, ही माणसे वाईट नसतात. त्यांना सराव नसतो. सराव नसण्याचे कारण असे की शाळेत, कचेरीत, गल्लीत त्यांच्या वाट्याला अपंग सोबती कधी आलाच नाही. संवाद ही दोघांची गोष्ट आहे. त्यातील एकालाच वर्गात बसवून शिकविणे म्हणजे टाळी एका हाताने वाजविण्याचा प्रयत्न करणे होय.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांच्या स्वरूपाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात दोन समाजगटांमधील दुरावा केव्हा कमी होतो याचा विचार आहे. नुसत्या भेटीगाठींनी तो कमी होतोच असे नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोघांचा दर्जा समान असावा, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी दोघांना एकमेकांची गरज लागावी आणि संस्थेचा किंवा कायद्याचा त्याला पाठिंबा असावा, या त्यांच्या चार अटी आहेत. ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनी आपल्याकडे जे घडते, त्यास या अटी लावून पाहाव्यात. मिरवणूक निघते, टोप्या वाटल्या जातात, फळे दिली जातात, पाहुण्यांचे भाषण होते. देणारा व्यासपीठावर असतो आणि घेणारा सतरंजीवर. भेट झाली खरी, पण ऑलपोर्ट यांच्या चारांपैकी फार तर एक अट पुरी होते. अशा शंभर भेटींतून दया उत्पन्न होईल. ओळख होणार नाही.

'आधी तयारी, मग प्रवेश'

सहभागाच्या विरुद्ध सर्वांत सभ्य भाषेत मांडला जाणारा युक्तिवाद तयारीचा असतो. मुलाची तयारी झाली की त्याला बाजारात पाठवू, वागणे सुधारले की लग्नकार्याला नेऊ, बोलता येऊ लागले की मंडळात घालू, असे घरचेही म्हणतात आणि संस्थाही म्हणतात. यामागे प्रेम असते, काळजी असते. परंतु पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरायचे नाही, असा नियम केला, तर माणूस जन्मभर काठावरच बसेल. वर्गातील खोटी नाणी मोजून आलेली हुशारी भाजीवालीसमोर बहुधा टिकत नाही, कारण तेथे गर्दी असते, घाई असते, मागचा माणूस ढकलीत असतो आणि भाजीवाली सुटे नाहीत म्हणून वर कोथिंबिरीची काडी देत असते. हे सारे मिळून व्यवहार होतो. त्याचा एक एक सुटा धडा होत नाही.

रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने १९७२ साली एक विचार मांडला. धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. सर्व धोक्यांपासून कोणाला वाचविणे म्हणजे त्याचे माणूसपण कमी लेखणे होय, असा तो विचार होता. ऐकताना तो कठोर वाटतो. परंतु आपल्या धडधाकट मुलांच्या बाबतीत सर्व पालक तो नकळत पाळीतच असतात. सायकल शिकताना गुडघा फुटतो, दुकानदार कमी पैसे परत देतो, मित्र रुसतो. या लहान लहान नुकसानीतूनच मोठ्या नुकसानीपासून वाचण्याची अक्कल येते. अपंग मुलाला मात्र दहा रुपयांनी फसण्याची संधी आपण देत नाही. पुढे कोणी घर लिहून घेऊ लागतो, तेव्हा त्याला संशय घेण्याची सवयच नसते.

दोन युरोपीय अनुभव

मोठ्या बंदिस्त संस्थांना पर्याय असू शकतो काय, या प्रश्नावर दोन गावांचे अनुभव बोलके आहेत. बेल्जियममधील गेल या गावात कित्येक शतके मनोरुग्णांना सामान्य कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. यात्रेसाठी आलेल्या रुग्णांना उतरवून घेण्याच्या प्रथेतून ही पद्धत रुजली. १९३० च्या दशकात त्या लहान गावात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण कुटुंबांतून राहत होते. ही माणसे शेतावर काम करीत, मुले सांभाळीत, बाजारात जात. त्यांच्या विक्षिप्तपणाची गावाला सवय होती आणि गावाच्या नियमांची त्यांना. आज ही संख्या पुष्कळ कमी झाली असली, तरी पद्धत चालू आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने वारसाजतनाच्या आदर्श उपक्रमांत तिची नोंद केली आहे.

दुसरा अनुभव इटलीतील त्रिएस्ते शहराचा. फ्रांको बासालिया हे मनोविकारतज्ज्ञ १९७१ साली तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालयात झाडलोट, धुणे इत्यादी कामे रुग्णच करीत आणि 'उपचारा'च्या नावाखाली ती जवळजवळ फुकट करवून घेतली जात. बासालिया यांच्या काळात या रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि त्याच कामासाठी त्यांना कामगारांच्या दराने वेतन मिळू लागले. झाडू तोच राहिला. माणसाचे समाजातील स्थान बदलले. मे १९७८ मध्ये इटलीने कायदा करून नवी मनोरुग्णालये उघडण्यास बंदी केली आणि जुनी क्रमाक्रमाने बंद केली. पुढे १९९१ च्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता दिली; त्यांतील एका प्रकारात किमान ३० टक्के कामगार अपंग अथवा अन्य वंचित गटांतील असावे लागतात. साखर कारखान्यांपासून पतपेढ्यांपर्यंत सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने या उदाहरणाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

इटलीचा दाखला देताना एक सावधगिरी आवश्यक आहे. संस्था बंद करणे सोपे असते. गावोगाव आधारकेंद्रे उभारणे खर्चाचे आणि चिकाटीचे काम असते. जेथे पहिले झाले आणि दुसरे झाले नाही, तेथे रुग्णांचा भार घरातील बायकांवर पडला. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि २०१६ च्या कायद्यानेही तो मान्य केला आहे. हा हक्क घरातील आईच्या पाठीवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही.

महाराष्ट्राची शिदोरी

मराठी समाजाच्या कल्पनेत अपंग माणूस बहुधा याचक म्हणून उभा राहिला. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका ही पात्रे येतात. त्यांचा अर्थ आध्यात्मिक असला, तरी रूप दारोदार हिंडणाऱ्याचेच आहे. परंतु याच भूमीत वेगळी उदाहरणेही आहेत. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी अफाट व्यासंग केला आणि विपुल लेखन इतरांकडून लिहवून घेतले. त्यांची प्रज्ञा त्यांची स्वतःची होती. पण वाचणारे आणि लिहून घेणारे भोवती होते म्हणून ती ग्रंथरूप झाली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाचे कार्य आरंभिले. कुष्ठरोग्यांना समाजाने बाहेर काढले होते, म्हणून वेगळी वसाहत करावी लागली. परंतु त्या वसाहतीने १९६० च्या दशकात आनंद निकेतन महाविद्यालय उभे केले आणि ज्या समाजाने दारे लावली होती त्याचीच मुले शिकण्यासाठी तेथे येऊ लागली. घेणाऱ्याने देण्याचे नाते जोडले की दुरावा किती लवकर कमी होतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन अपंग झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पोहणे त्यांच्याकडे उपचार म्हणून आले होते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. चाकाच्या खुर्चीवरून चालविलेली ही संस्था वसतिगृह आणि शाळा यांवर थांबली नाही. सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेच्या उद्योगापर्यंत गेली.

अर्थात अशी नावे घेऊन समाधान मानण्यात धोका आहे. प्रत्येक अपंग माणसाने पदक जिंकावे किंवा संस्था काढावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. धडधाकट माणसाला सामान्य राहण्याची मुभा असते. तीच मुभा अपंगालाही हवी. गल्लीतल्या मंडळाचा एक साधा सभासद म्हणून ओळखले जाणे, हे ध्येय पदकापेक्षा लहान वाटेल, पण लाखांना तेच उपयोगी पडेल.

सत्कार पुरे, काम द्यावे

या दृष्टीने महाराष्ट्र भाग्यवान आहे. येथे सार्वजनिक जीवनाच्या जागा नव्याने निर्माण करावयाच्या नाहीत. सार्वजनिक गणेशोत्सवाची मंडळे आहेत, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत, महिलांचे बचत गट आहेत, भजनी मंडळे आहेत, गृहनिर्माण संस्था आहेत आणि ग्रामसभा आहेत. प्रश्न एवढाच आहे की या ठिकाणी अपंग व्यक्ती कोणत्या नात्याने येते. मंडळाच्या मांडवात खुर्ची देऊन तिच्या हस्ते आरती करविणे हा सत्कार झाला. वर्गणीचे पावतीपुस्तक तिच्या हाती देणे, प्रसादाच्या पंक्तीत वाढपाचे काम देणे, आरास करताना तिला रंगाचा डबा धरावयास लावणे हा सहभाग झाला. सत्कार एका दिवसाचा असतो. कामात चूक होते, रागावणे होते, पुन्हा करणे होते, आणि दुसऱ्या वर्षी 'तो कुठे आहे?' अशी चौकशी होते. ही चौकशी होऊ लागली म्हणजे आईबापांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले असे समजावे.

ग्रंथालयात पुस्तके जागेवर लावणे, वर्तमानपत्रांचे अंक जुळवून बांधणे ही शांतपणे, ठराविक पद्धतीने करावयाची कामे आहेत. गोंगाट न सोसणाऱ्या स्वमग्न तरुणाला ती मानवू शकतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे. तिच्या शिबिरांत विद्यार्थी रस्ते बांधतात, झाडे लावतात. त्याच शिबिरात गावातील चार अपंग तरुण पाहुणे म्हणून नव्हे, तर स्वयंसेवक म्हणून घेतले, तर सात दिवसांच्या सहवासात दोन्ही बाजूंना जे शिक्षण मिळेल, ते व्याख्यानमालेतून मिळणार नाही. जेवणाची पंगत, रात्रीची गाणी, कामाची वाटणी, यांत ऑलपोर्ट यांच्या साऱ्या अटी आपोआप पुऱ्या होतात.

पैशाचा प्रश्नही वाटतो तितका बिकट नाही. ग्रामपंचायतींनी व अन्य स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. जेथे ही रक्कम खर्च होते, तेथे ती पुष्कळदा माणशी काही रुपये वाटून किंवा एखादी वस्तू देऊन संपविली जाते. गरिबाला रोख रकमेची गरज असते, हे नाकारता येणार नाही. परंतु निधीचा काही हिस्सा सोबत्याच्या मानधनासाठी, ग्रामसभेत खुणांच्या भाषेच्या दुभाष्यासाठी, ग्रंथालयाच्या उतरणीसाठी राखून ठेवला, तर त्याचा लाभ दरवर्षी मिळत राहील. वाटून टाकलेला पैसा उपभोगात जातो. येण्याजाण्याची वाट बांधणारा पैसा भांडवल होतो. ग्रामपंचायतीच्या हिशेबात हा भेद दिसत नाही, म्हणून तो ग्रामसभेत विचारावा लागतो.

काही रास्त आक्षेप

चेष्टा होईल, छळ होईल, ही पालकांची भीती निराधार नाही. मुलींच्या बाबतीत ती अधिकच खरी आहे. परंतु एकांत हा सुरक्षिततेचा हमीदार नव्हे. ज्या मुलीला फार थोडे लोक ओळखतात, तिच्यावर अन्याय करणारा त्या थोड्यांतलाच एक असला, तर तिने सांगावे कोणाला? ओळखीची माणसे जितकी अधिक, तितके तिच्यावर लक्ष ठेवणारे डोळे अधिक. सुरुवातीस सोबती असावा, ठिकाण ठराविक असावे, वेळ थोडी असावी, आणि क्रमाक्रमाने सोबत्याने मागे सरावे, ही रीत विशेष शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. ती शाळेच्या आवाराबाहेर वापरण्याची मुभा आणि वेळ त्यांना मिळाली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की काहींचे अपंगत्व इतके तीव्र असते की सहभागाची भाषा त्यांच्या बाबतीत पोकळ ठरते. सहभागाचे माप सर्वांना एक नसते, हे यावरील उत्तर आहे. एखाद्याचा सहभाग रोज संध्याकाळी कट्ट्यावर नेऊन बसविण्याएवढाच असेल, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला नावाने हाक मारावी एवढेच त्याचे फळ असेल. ते फळ थोडे नाही.

विशेष शाळा आणि कार्यशाळा यांची गरज संपली, असाही याचा अर्थ नाही. ब्रेल, खुणांची भाषा, वाचाउपचार, दैनंदिन सवयींचे शिक्षण यांसाठी तज्ज्ञ हवेत आणि संस्था हव्यात. मात्र संस्थेचे यश मोजताना आत किती जण आहेत हे विचारण्याबरोबर बाहेर किती जण वावरू लागले हेही विचारले पाहिजे. शासनाचे अनुदान आज विद्यार्थ्यांच्या संख्येशी आणि मंजूर शिक्षकांशी निगडित आहे; माजी विद्यार्थी शाळा सोडल्यावर पाच वर्षांनी कोठे आहे, हे त्यात महत्त्वाचे मानले जात नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी झटत नाही, हा कचेरीतील प्रत्येक कारकुनाच्या अनुभवाचा भाग आहे.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तिचे रूढ दिवस. गावातील किती अपंग मतदार ग्रामसभेस उपस्थित होते, त्यांपैकी किती जण बोलले आणि ५ टक्के निधी कोणत्या कामी गेला, हे तीन प्रश्न शिक्षकाने किंवा पंचायतीच्या कारकुनाने इतिवृत्तात नोंदवून घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. पहिल्या सभेत बहुधा तिन्ही उत्तरे शरमेची येतील. ती लिहून ठेवावीत. पुढच्या सभेला जाताना वाटेवरच्या ज्या घरात एक दार कायम लोटलेले असते, त्या दारावर थाप मारून आत बसलेल्याला बरोबर घ्यावे. सभेत काय बोलावे हे त्याला शिकवून नेण्याची गरज नाही. तो ऐकेल, कंटाळेल, मध्येच उठेल, कदाचित भलतेच काही विचारील. सभेला येणारे बाकीचे गावकरीही याहून वेगळे काही करीत नाहीत.